होडीचे मशीन सुरू होत नाही: घरच्या ग्रुपवरील चर्चा

दादा (देवबाग): सर्वांना नमस्कार. गणपतीला सगळे घरी येण्यापूर्वी होडी खाडीत उतरवावी, म्हणून आज मशीन होडीच्या मागच्या फळीवर चढवले; परंतु ते सुरू होत नाही. मशीन आपले जुनेच आहे, 15 हॉर्सपॉवरचे, दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक. मे महिन्याच्या अखेरीस पडवीत ठेवल्यापासून त्याला कोणी हात लावलेला नाही. दोरी ओढताना नेहमीसारखा जोर लागतो, आतून वेगळा आवाजही येत नाही, पण एकदासुद्धा पेट घेत नाही. भाऊकाका, तुमचे आयुष्य बोटींच्या इंजिनांत गेले आहे, तेव्हा सुरुवात कोठून करावी ते सांगावे.

बाळा (पुणे): दादा, इतक्या जुन्या मशीनमध्ये इग्निशनचे इलेक्ट्रॉनिक युनिटच गेलेले असते. ऑनलाइन मिळते आहे. मागवू का?

भाऊकाका (रत्नागिरी): बाळा, अजून काहीही मागवू नकोस. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोल, ठिणगी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाणे) एवढ्या तीनच गोष्टी लागतात. दोरीला नेहमीचा जोर लागतो आहे, म्हणजे कॉम्प्रेशनची काळजी तूर्त बाजूला ठेवता येईल. उरलेल्या दोहोंपैकी काय कमी पडते हे कळल्याशिवाय सुटा भाग विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. दादा, आधी दोरी ओढणे थांबव आणि बाहेरून दिसणाऱ्या गोष्टी पाहा: बंद करण्याच्या बटणाखालची लाल दोरीची क्लिप नीट बसली आहे का, गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल केला आहे का, आणि पेट्रोलच्या नळीवरच्या, दाबून पेट्रोल पुढे ढकलणाऱ्या रबरी फुग्याचा बाण मशीनच्या दिशेने आहे का. मशीन बंद पडले म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण केवळ ती क्लिप लावून परत गेले आहेत.

दादा: क्लिप, गिअर, स्क्रू आणि बाण, चारही ठीक आहेत. मात्र फुगा कितीही दाबला तरी घट्ट होत नाही.

वहिनी (देवबाग): नळी मशीनला जिथे जोडली जाते, तिथे हात लावला तर बोटांना पेट्रोल लागते आहे. जोडाच्या आतली रबरी रिंग कडक होऊन तडकलेली दिसते.

भाऊकाका: वहिनींनी नेमके पाहिले. त्या रिंगेतून पेट्रोल बाहेर येते आणि इंजिन ओढू लागले की तेथूनच हवा आत जाते. मालवणात रिंग मिळेल, ती बदल. टाकीतले पेट्रोल कोणते आहे?

दादा: मे महिन्यातलेच, ऑईल मिसळलेले. अर्धी टाकी शिल्लक आहे.

भाऊकाका: त्यातले थोडे टाकीच्या अगदी तळातून पारदर्शक बाटलीत काढ, थोडा वेळ स्थिर ठेव आणि फोटो पाठव.

दादा: फोटो पाठवला आहे. खाली बोटभर गढूळ थर आहे आणि वर पेट्रोल.

भाऊकाका: मला हीच शंका होती. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. अर्धी रिकामी टाकी कोकणातल्या पावसाळ्यात पडवीत राहिली की तिच्यात दमट हवा जात-येत राहते, आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात व तळाशी बसतात. टाकीतली नळी तळातूनच ओढते, त्यामुळे मशीनला आधी तोच थर मिळतो. तो पेटत नाही हे तर आहेच. त्याहून वाईट म्हणजे ऑईल वरच्या पेट्रोलमध्ये राहते, म्हणून असे मिश्रण कसेबसे जळले तरी पिस्टनला पुरेसे वंगण मिळत नाही. तेव्हा वरचे चांगले दिसणारे पेट्रोलही वापरू नकोस. टाकी पूर्ण रिकामी कर, आतून कोरडी कर आणि ताजे मिश्रण भर. जुने पेट्रोल खाडीत किंवा वाळूत ओतायचे नाही. बंद कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला विचार.

वहिनी: तो कॅन चुलीजवळच्या पडवीत राहणार नाही, एवढे मी आत्ताच सांगून ठेवते.

दादा: रिंग बदलली, टाकी धुऊन ताजे मिश्रण भरले. फुगा आता दगडासारखा घट्ट होतो. तरीही मशीन सुरू नाही. दोन्ही प्लग काढून पाहिले, दोन्ही कोरडे आहेत.

ताई (मस्कत): दादा, प्लग बाहेर आहेतच तर ठिणगी पाहून घे. पेट्रोलची टाकी आधी दूर ठेव. दोन्ही प्लग आपापल्या टोपीत बसवून त्यांची धातूची बाजू इंजिनाच्या उघड्या धातूला टेकव आणि प्लगच्या भोकांपासून लांब धर, कारण आतल्या वाफेने पेट घेतला तर हात भाजेल. टोपी तशीच लोंबकळत ठेवून दोरी ओढू नकोस. त्याने इग्निशनचे युनिट खराब होऊ शकते. ठिणगी नसेल तर बंद करण्याच्या बटणाची वायर तात्पुरती सोडवून पुन्हा पाहा. खाऱ्या हवेने ते बटण आतून गंजून कायम जोडलेले राहते आणि दोष युनिटच्या माथी जातो.

दादा: वायर सोडवावी लागली नाही. दोन्ही प्लगवर निळसर ठिणगी स्पष्ट दिसते.

बाळा: म्हणजे युनिट चांगले आहे. ऑर्डर दिली नाही ते बरे झाले.

भाऊकाका: आता दोन्ही सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून ताज्या मिश्रणाचे थोडेसे थेंब सोड, प्लग बसव आणि दोरी ओढ. क्षणभर पेट घेऊन बंद पडले, तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन दोन्ही निर्दोष ठरतील.

दादा: अगदी तसेच झाले. दोन-चार ठोके देऊन बंद पडले.

भाऊकाका: मग दोष कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात. काढण्यापूर्वी त्याच्या वाटीखालचा स्क्रू सैल कर आणि फुगा दाब. पेट्रोल आले नाही, तर वाटीत पेट्रोल सोडणारी फ्लोटची सुई आपल्या जागी चिकटून बसली आहे असे समज.

दादा: एक थेंबही आला नाही. कार्बोरेटर उघडला आहे. वाटीत हिरवट-तपकिरी चिकट थर आहे, सुई खरोखरच अडकली होती आणि मुख्य जेटमधून उजेड दिसत नाही.

भाऊकाका: जेटमध्ये तार किंवा टाचणी घालू नकोस. ते छिद्र मोजून पाडलेले असते, किंचित मोठे झाले तरी मिश्रण बिघडते. कार्बोरेटर क्लीनर मार, थोडा वेळ भिजू दे आणि हवेच्या नळीने फुंक. जोडल्यावर पंखा काढून, गोड्या पाण्याच्या पिंपात, उघड्यावर सुरू कर. पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वर असले पाहिजे. मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातले रबरी चक्र कोरडे फिरले तर काही सेकंदांत जळते.

दादा: सुरू झाले! चोक आत ढकलल्यावरही थांबले नाही. फक्त मागून येणारी पाण्याची धार बारीक आहे.

भाऊकाका: लगेच बंद कर. धार येते त्या भोकात मात्र बारीक तार घालून साचलेले मीठ काढायला हरकत नाही. मग पुन्हा पाहा.

दादा: तार घातली. धार थोडी सुधारली, पण पूर्वीइतका जोर नाही.

भाऊकाका: तर मग रबरी चक्र बदलायचेच, आणि तोपर्यंत होडी खाडीत न्यायची नाही. ते उघडशील तेव्हा गिअरचे ऑईलही काढून पाहा; दुधासारखे पांढरे निघाले तर सीलमधून पाणी शिरले आहे. पेट्रोलमध्ये ऑईल मात्र पुस्तिकेत दिल्याप्रमाणे 50 ला 1, म्हणजे 10 लिटरला 200 मिली, आणि तेही टू-स्ट्रोक आउटबोर्डसाठीचेच, म्हणजे होडीच्या मागे बसणाऱ्या अशा मशीनसाठीचेच. अंदाजाने ओतू नकोस.

बाळा: दादा, मशीनच्या पट्टीवरच्या मॉडेल क्रमांकाचा स्पष्ट फोटो पाठव. चक्र, त्याची गास्केट आणि गिअरचे ऑईल मी पुण्यातून घेऊन गणपतीला येतो.

वहिनी: फोटो मी पाठवते. दादांचे हात ऑईलने भरले आहेत.