तळघरात वाय-फाय जेमतेम ६-९ एमबीपीएस: राउटर बदलू, रिपीटर घेऊ की वायर टाकू?

खिडकी_नसलेली_खोली
तळघरात कामाची खोली केली आहे. राउटर वरच्या मजल्यावर, घराच्या दुसऱ्या टोकाला, टीव्हीच्या मागे. कनेक्शन ३०० चं. राउटरच्या खोलीत २८० मिळतात, खाली ६ ते ९. फोनवरचं अ‍ॅप २.४ गिगाहर्ट्झला सिग्नल मायनस ८१ डीबीएम दाखवतं (डीबीएम म्हणजे सिग्नलची ताकद, शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली), ५ गिगाहर्ट्झचं नाव यादीत येतच नाही. मधे सळयांचा काँक्रीट स्लॅब. व्हिडिओ कॉल सारखा गोठतो. भारीतला राउटर घ्यावा का? भोक पाडणं शक्यतो नको.

डेसिबल
भारीतल्या राउटरवर पैसे घालू नका. वाय-फाय किती ताकदीने सोडायचं यावर नियमांची मर्यादा असते, त्यामुळे महागडा राउटरही फार मोठ्याने ओरडू शकत नाही. आणि ओरडला तरी लॅपटॉपचा आवाज तेवढाच राहतो. त्याचं उत्तर वर पोचायला नको का?

व्हिडिओ कॉल नीट चालायला साधारण मायनस ६७ हवा. तुम्ही १४ डेसिबल खाली आहात, म्हणजे हव्या त्या ताकदीचा पंचविसावा हिस्सा मिळतोय. त्यात राउटर दुसऱ्या टोकाला, म्हणून लहरी स्लॅबमधून तिरक्या उतरतात. उभ्या रेषेपासून ६० अंश तिरप झाली की १५ सेंटिमीटरचा स्लॅब त्यांना ३० सेंटिमीटरचा पडतो. ५ गिगाहर्ट्झ २.४ पेक्षा काँक्रीटमध्ये जास्त मार खातं, म्हणून ते दिसतच नाही.

फुकटातले उपाय आधी. राउटर टीव्हीमागून बाहेर काढा, तिथला धातूचा पत्रा एक बाजू झाकून टाकतो. मग तो तळघराच्या खोलीच्या बरोबर वर किंवा जिन्याच्या तोंडाशी आणा. जिना म्हणजे स्लॅबला पडलेलं आयतं भोक, आणि लाकडी दार काँक्रीटच्या मानाने काहीच अडवत नाही. बाहेर अँटेनाच्या दांड्या असलेला राउटर असेल तर एक दांडी आडवी करा. उभ्या दांडीभोवती सिग्नल टायरच्या ट्यूबसारखा पसरतो, आणि दांडीच्या बरोबर खाली त्या ट्यूबचं भोक येतं. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चा चॅनेल (त्या बँडमधली एक वाट) १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा ठेवा, त्याची रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० केली तर शेजाऱ्यांचा गोंगाटही आत येतो.

प्रत्येक बदलानंतर त्याच टेबलावर, त्याच फोनने डीबीएम बघा. रेंजच्या काड्या मोजू नका, त्या फोनगणिक बदलतात.

एक_आडवा_प्रश्न
एवढा खटाटोप कशाला? तळघरात रिपीटर (वाय-फाय पकडून पुन्हा पुढे सोडणारा डबा) लावला की काम झालं.

वायरवाला
नाही होत. रिपीटर खाली ठेवला तर त्यालाही मायनस ८१ च मिळणार. लॅपटॉपवर काड्या पूर्ण दिसतील आणि वेग तोच ६. ठेवायचाच तर जिन्याच्या वरच्या पायरीपाशी, जिथे अजून मायनस ६५ च्या आसपास आहे. तरीही एकाच बँडवर (२.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ) ऐकून त्याच बँडवर बोलणाऱ्या रिपीटरमध्ये वेग निम्म्यावर येतो, कारण डेटाचं प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं.

खरा इलाज एकच: खाली एक इथरनेट वायर आणि तिच्या टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट (वायरीतून आलेलं नेट वाय-फायने सोडणारा डबा). कॅट ५ई जातीची वायर पुरते, १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट देते. फक्त शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त असते, पण लांब पल्ल्यावर दगा देते आणि पिनजवळ तुटते. भोक नको असेल तर पाण्याच्या पाइपची जुनी वाट किंवा जिन्याच्या कडेची पट्टी बघा. पाडावंच लागलं तर वायर साधारण ६ मिलिमीटरची असते, ८ ते १० चं भोक बास. वायर भोकातून ओवून झाल्यावरच पिन बसवा, नाहीतर भोक उगाच मोठं करावं लागतं. तुळईला हात लावू नका, सळया शोधून मगच ड्रिल लावा. विजेच्या वायरींच्या नळीतून ही वायर नेऊ नका.

जुना राउटर पडून असेल तर तोच वापरा. आधी लॅपटॉप थेट त्याला जोडून त्याचा नेटवर्कवरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (मुख्य राउटर १.१ वर आहे असं धरून). वाय-फायचं नाव आणि पासवर्ड वरचेच ठेवा, चॅनेल वेगळा. डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) सगळ्यांत शेवटी बंद करा. आता वायर लॅन पोर्टला (घरातली उपकरणं जोडायचा) लावा, वॅन (बाहेरून इंटरनेट येण्याचा) मोकळा. वॅनला लावली तर घरात दोन नेटवर्क होतात आणि खालून वरचा प्रिंटर सापडत नाही.

जिन्याखाली
वायर अगदीच अशक्य असेल तर: घरात टीव्हीची कोअ‍ॅक्सियल केबल आधीच खाली गेली असेल तर मोका २.५ चे (टीव्हीच्या केबलमधून नेट नेणारे) दोन अ‍ॅडॉप्टर उत्तम चालतात. केबलला फाटे फोडणारे मधले स्प्लिटर १६७५ मेगाहर्ट्झपर्यंतचे हवेत, जुने असतील तर बदला. विजेच्या तारांतून जाणारा पॉवरलाइन हा शेवटचा पर्याय. तो थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. सर्ज प्रोटेक्टरच्या पट्टीत लावला तर पट्टी सिग्नलच गिळते. खोक्यावरचा वेगाचा आकडा मात्र विसरा.

खिडकी_नसलेली_खोली
पाइपच्या वाटेने वायर टाकली, जुना राउटर सांगितल्याप्रमाणे लावला. सिग्नल मायनस ४२! पण वेग ९४ च्या वर जात नाही. लॅपटॉप थेट वायरीला लावला तरी ९४. वरच्या राउटरला २८० येतात. जुन्या राउटरचे पोर्ट गिगाबिटचे आहेत.

वायरवाला
९४ म्हणजे जोडणी १०० वर अडकली आहे. १०० ला चारच तारा लागतात, क्रमांक १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही. म्हणजे ४-५ ची निळी किंवा ७-८ ची तपकिरी जोडी कुठेतरी सुटली आहे. पिन उजेडात धरा, आठही तारांची टोकं पुढच्या पारदर्शक भिंतीला टेकलेली दिसायला हवीत. एखादी मागे राहिली असेल तर पिन कापून नवी बसवा. क्रम दोन्ही टोकांना सारखा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी.

खिडकी_नसलेली_खोली
तपकिरी तार दोन मिलिमीटर आखूड होती. नवी पिन बसवली, आता थेट वायरीवर २८३, वाय-फायवर २४०.