युटामध्ये फुकट कॅम्पिंग: खरंच फुकट आणि खरंच कायदेशीर आहे का? (आई-बाबा सोबत आहेत)

भटकभवानी:
नमस्कार मंडळी, सप्टेंबरच्या शेवटी आठवडाभर दक्षिण युटाला चाललोय. मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि पुण्याहून आलेले आई-बाबा. बाबा ६८ चे, एकदम टणटणीत, आईचे गुडघे जरा कुरकुरतात. झायन आणि ब्राइस या नॅशनल पार्कांच्या आतली कॅम्पग्राउंड्स कधीच भरली, आणि बाहेरच्या मोटेलांचे भाव बघून नवऱ्याने न बोलता लॅपटॉप मिटला.

तर ऑफिसातला एक जण म्हणाला की अगं बीएलएमच्या, म्हणजे सरकारी जमिनीवर जा आणि खुशाल तंबू ठोक, कोणी विचारत नाही, एक पैसा लागत नाही. मला हे पचतच नाहीये. या अमेरिकेत पार्किंगचे पैसे घेतात आणि राहायला फुकट? कोणीतरी रात्री टॉर्च मारून उठवणार, नाहीतर बंदूक घेऊन शेतमालक येणार असंच डोळ्यासमोर येतंय. हे खरंच कायदेशीर आहे का, जागा शोधायची कशी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे (हसू नका) सकाळी जायचं कुठे? आपली साधी फोर बाय फोर नसलेली एसयूव्ही आहे, भाड्याची.

धुळीचा_रस्ता:
ताई, तुमचा ऑफिसवाला बरोबर बोलला, फक्त अर्धं बोलला. कायदेशीर आहे, शंभर टक्के. याला, म्हणजे बांधलेल्या कॅम्पग्राउंडबाहेर मोकळ्या जागी राहण्याला, डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात, आरव्हीवाले (घरासारख्या गाड्या घेऊन फिरणारे) बूनडॉकिंग म्हणतात. बीएलएम म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, त्यांच्याकडे जवळजवळ साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे. आपल्या अंदाजासाठी सांगतो, तेवढ्यात तीन महाराष्ट्र मावतील आणि वर थोडी उरेल. त्याशिवाय फॉरेस्ट सर्व्हिसची, म्हणजे सरकारी जंगलखात्याची, १९ कोटी एकरच्या वर, ती वेगळी. यातली बहुतेक पश्चिमेकडे आहे. नेवाडाची ८० टक्क्यांच्या आसपास जमीन सरकारी आहे आणि युटाची साठ टक्क्यांच्या वर, म्हणून हे सगळं तिकडे चालतं, टेक्सासमध्ये करायला जाल तर जागा शोधता शोधता सुट्टी संपेल.

नियम साधा आहे, एका जागी साधारण १४ दिवस, २८ दिवसांच्या हिशोबात, मग तिथून लांब जायचं, बऱ्याच ठिकाणी २५ मैल. तुम्हाला त्याचा काही त्रास नाही, तुम्ही फार तर आठवडाभर राहणार. मात्र नॅशनल पार्कच्या आत हे अजिबात चालत नाही. झायनच्या हद्दीत रस्त्याकडेला गाडीत जरी झोपलात तरी दंड. पार्क वेगळं, फॉरेस्ट वेगळं, बीएलएम वेगळं, तिघांची खाती वेगळी, नियम वेगळे, आपल्याला सगळं एकच जंगल वाटतं तिथेच घोळ होतो.

शेतमालकाची भीती मात्र अगदी अनाठायी नाही, कारण खाजगी जमीन मधेमधे घुसलेली असते आणि कुंपण असेलच असं नाही. म्हणून नकाशा. जमिनीची मालकी दाखवणारं कुठलंही ॲप घ्या, त्यात पिवळी बीएलएमची, हिरवी फॉरेस्टची, निळी राज्याची, पांढरी खाजगी. पांढऱ्यात शिरायचं नाही, निळ्याचे नियम वेगळे, तेव्हा तेही सोडा. पिवळं आणि हिरवं आपलं. आणि फॉरेस्टमध्ये मोटर व्हेइकल यूज मॅप नावाचा काळापांढरा नकाशा फुकट मिळतो, दिसायला भयानक आहे पण रेंजर तोच खरा धरतो. ज्या रस्त्याच्या कडेने ठिपके काढलेत त्या रस्त्यालगत गाडी लावून कॅम्प करता येतो. आधीच कोणी राहून गेलेली उघडी जागा, दगडांचं जुनं शेकोटीचं रिंगण वगैरे दिसेल तिथेच तंबू लावा, नवीन जागा तयार करू नका.

नकाशे घरूनच डाउनलोड करून ठेवा. तिकडे सिग्नल नसतो, पण फोनचं जीपीएस सिग्नलशिवाय चालतं, हे अर्ध्या लोकांना माहीतच नसतं.

मिस्कीलमामा:
सकाळच्या प्रश्नावर कोणीच बोलेना म्हणून मी बोलतो, मला लाज नाही.

फुकट म्हणजे संडास नाही, नळ नाही, कचराकुंडी नाही, बाकडं नाही. हे सगळं तुम्ही गाडीत घालून न्यायचं आणि परत आणायचं. साध्या मातीच्या जंगलात असाल तर छोटं खुरपं, सहा ते आठ इंच खोल खड्डा, पाण्यापासून, वाटेपासून आणि कॅम्पपासून २०० फूट लांब, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण सत्तर पावलं. झाल्यावर माती लोटायची. कागद मात्र पिशवीत घालून परत. हो, परत.

पण वाळवंटात, म्हणजे मोआब-बिआबच्या बाजूला, हा खड्डा काही कामाचा नाही कारण तिथल्या कोरड्या मातीत काही कुजत नाही, वर्षानुवर्षं तसंच राहतं. तिथे वॅग बॅग वापरतात, त्यात पावडर असते, ओलं धरून ठेवते, वास दाबते, गाठ मारायची आणि गावात आल्यावर कचऱ्यात. मोआबच्या आजूबाजूच्या बऱ्याच बीएलएम भागांत तर आता ठरलेल्याच जागांवर राहू देतात आणि स्वतःचं पोर्टेबल टॉयलेट सक्तीचं आहे. लोकांनी घाण करून ठेवली म्हणून ही वेळ आली.

आईंच्या गुडघ्यांसाठी, पाच गॅलनच्या प्लास्टिकच्या बादलीवर बसते अशी सीट मिळते, कॅम्पिंगच्या दुकानात. आत वॅग बॅग लावायची. भोवती उभा करायचा पडदेवाला छोटा तंबू मिळतो तोही घ्या. महाराणीसारखी व्यवस्था होते.

भटकभवानी:
मामा 😂 आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आम्ही लहानपणी गावाला परसाकडेच जायचो, तुझ्या त्या अमेरिकन मामाला सांग मला शिकवू नकोस." पण बादलीच्या सीटला लगेच हो म्हणाली. बाबांनी विचारलंय पाणी किती न्यायचं?

मिस्कीलमामा:
माणशी दिवसाला एक गॅलन (साधारण पावणेचार लिटर) पिण्या-रांधण्याला धरा, भांडी आणि हात धुवायला वरून. पाच माणसं, दोन दिवस म्हणजे किमान पंधरा गॅलन तरी गाडीत हवेच. ओढ्याचं पाणी दिसलं म्हणून भरवसा ठेवू नका, असलं तर गाळून-उकळून, पण सप्टेंबरात बरेचदा नसतंच.

चिखलात_एकदा:
माझं नाव वाचलंत ना, आता ऐका.

तुम्ही सगळे संडासावर चर्चा करताय, पण माणूस अडकतो तो रस्त्यावर. आम्ही दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरातच गेलो होतो, ग्रँड स्टेअरकेस म्हणून दक्षिण युटातलाच बीएलएमचा भाग आहे, त्याच्या बाजूला एक कच्चा रस्ता, कोरडा असताना हायवेसारखा, ४० च्या स्पीडने गेलो गाणी लावून. रात्री तासभर पाऊस पडला, फार नाही, आपल्याकडच्या पावसाच्या हिशोबात तर काहीच नाही. सकाळी गाडी काढली आणि दहा फुटांत चाकं गोल लाडूसारखी झाली. तिथल्या मातीत बेंटोनाइट नावाची चिकणमाती असते, ओली झाली की साबण आणि डिंक एकदमच, टायरच्या खाचा भरून जातात मग फोर बाय फोर असो की काही असो, फरक नाही. ढकलायला उतरलो तर बुटाला पाच-पाच किलो माती. शेवटी शहाण्यासारखं गप्प बसलो, दीड दिवस, ऊन पडून रस्ता वाळेपर्यंत. पाणी आणि खाणं जास्तीचं होतं म्हणून ती गंमत झाली, नाहीतर गंमत नव्हती. तिथला कॉटनवुड कॅनियन रोड तर याच कारणासाठी बदनाम आहे, पावसाचा अंदाज असेल तर त्याच्या वाटेलाच जाऊ नका.

तेव्हा, पक्क्या डांबरी रस्त्यापासून मैलभराच्या आत जागा शोधा. हवामान बघा. आणि ताई, गाडी भाड्याची आहे म्हणालात, तो करार आज रात्री वाचा. बहुतेक भाड्याच्या गाड्यांना कच्च्या रस्त्यावर मनाई असते, काही झालं की इन्शुरन्स हात वर करतो. आमच्या टोइंगचं बिल एका मोटेलच्या आठवड्याइतकं आलं होतं (ते आदल्या वर्षीचं, वेगळं प्रकरण, तेव्हा रेतीत रुतलो होतो, हो मी शिकत नाही).

अजून एक, कोरड्या ओढ्यात तंबू लावायचा नाही. सपाट, वाळूची गादी, वारा लागत नाही, मस्त वाटतं. पाऊस वीस मैलांवर पडतो आणि पाणी तुमच्याकडे येतं, डोक्यावर चांदणं असताना.

नाचणी:
मी जरा पाणी ओतते उत्साहावर. आठवडाभर पाचही जणांना असं राहायला नेऊ नका. ब्राइस आठ-नऊ हजार फुटांवर आहे, सप्टेंबरच्या शेवटी रात्री शून्याच्या खाली जाऊ शकतं. पुण्याची माणसं स्वेटर घालून म्हणतील थंडी नाही गं, आणि पहाटे तीनला कोणीच झोपलेलं नसेल. शून्याच्याही खाली टिकणाऱ्या स्लीपिंग बॅग आणि खाली जाड मॅट, मॅट बॅगपेक्षा महत्त्वाची, थंडी खालून येते. उंचीवर पहिल्या दिवशी बाबांना दम लागू शकतो, बीपीच्या गोळ्या असतील तर डॉक्टरला आधी विचारा.

माझं मत, दोन रात्री फुकटात, बाकी रात्री साध्या पैसेवाल्या फॉरेस्ट कॅम्पग्राउंडला. तिथे निदान कोरडा संडास आणि टेबल असतं. आईंनी सकाळी टेबलावर बसून चहा प्यायला तर ट्रिप वसूल.

टेकडीवरचा:
शेकोटीचं कोणी बोललं नाही? कॅम्पिंगला शेकोटी हवीच. आम्ही दरवेळी करतो, कधी काही झालं नाही.

धुळीचा_रस्ता:
@टेकडीवरचा, काही झालं नाही हे, काही होईपर्यंतच खरं असतं भाऊ. फायर रिस्ट्रिक्शन (आगीवरचे निर्बंध) लागू असतात तेव्हा, स्टेज १ ला, म्हणजे पहिल्याच पायरीला सुद्धा, अशा मोकळ्या जागी लाकडाची शेकोटी बंद असते, फक्त बांधलेल्या कॅम्पग्राउंडच्या रिंगणात चालते. वणवा लागला तर विझवायचा खर्च तुमच्याकडून वसूल करू शकतात, आणि तो खर्च हेलिकॉप्टरचा असतो. बटणाने बंद होणारा गॅसचा स्टोव्ह सहसा चालतो, त्यावर चहा, खिचडी सगळं होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्या भागाच्या रेंजर ऑफिसला फोन करा, एकाच फोनमध्ये आग, रस्ते, बंद भाग सगळं कळतं. ते लोक फोन उचलतात आणि बोलायला आवडतं त्यांना.

आणि बंदी नसली तरी लाकूड घरून नेऊ नका, त्यातून किडे पसरतात, तिथलंच विकत घ्या. विझवताना पाणी, ढवळा, परत पाणी, हाताला गार लागेपर्यंत.

टेकडीवरचा:
बरं बाबा, मी कॅलिफोर्नियात करतो, तिथे ऑनलाइन परमिट काढतो दरवर्षी, फुकट असतं. एवढा पण अडाणी नाही.

धुळीचा_रस्ता:
मग आधी तेच लिहायचं ना 🙂

भटकभवानी:
मंडळी, जाऊन आलो. उशीर झाला लिहायला, आई-बाबांची परतीची तयारी चालू होती.

गाडीचा करार वाचला आणि त्यात खरंच कच्च्या रस्त्याला मनाई निघाली, मग एका मित्राची जुनी गाडी मागून नेली. रेंजर ऑफिसला फोन केला, बाईंनी वीस मिनिटं समजावलं. ब्राइसजवळ डिक्सी नॅशनल फॉरेस्टमध्ये, हायवे १२ ला लागून टॉम्स बेस्ट स्प्रिंग नावाचा फॉरेस्ट रोड आहे, तिथे पाइनच्या झाडांत दोन रात्री राहिलो. पहिल्या फाट्यावर गर्दी, थोडं आत गेल्यावर शेजारी कोणी नाही. नाचणी, तुझं ऐकलं ते बरं केलं, बाकी रात्री पैसेवाल्या जागी. आणि थंडी! सकाळी पाण्याच्या कॅनच्या तोंडाशी बर्फ. बाबा कानटोपी, मफलर, दोन स्वेटर घालून स्टोव्हजवळ बसले होते आणि म्हणत होते महाबळेश्वरला पण असंच असतं.

टॉर्च मारायला कोणी आलं नाही. पण रात्री दोनला तंबूच्या अगदी बाहेर कोणीतरी जोरात श्वास घेतंय असं वाटलं, लेक मला घट्ट धरून, नवरा हातात खुरपं घेऊन (मामांचं खुरपं, तेच), चेन उघडून बघतो तर गाई. सात-आठ. तिथे चरायला सोडलेल्या असतात म्हणे, हे कोणी सांगितलं नव्हतं हं तुम्ही. आईने आतूनच "हाड हाड" केलं आणि त्या गेल्या, मराठी कळल्यासारख्या.

आकाशाबद्दल लिहीत नाही, फोटोत येत नाही.

बादलीची सीट सुपरहिट. इथे कोणाला उसनी देणार होते, पण आईने ती पुण्याच्या बॅगेत भरलीये, आणि वजन दीड किलोने वर जातंय.