व्हेनिस: गुडघे दुखणाऱ्या बाईनं काय पाहाव?

दारव्ह्याची_काकू

नमस्कार मंडळी. माही पोरगी इटलीत पदोव्याले शिकून रायली. गहू-हरभरा घरात आला की एप्रिलमधी मी आन् तिचे बाबा तिच्याकडं जाऊन रायलो. व्हेनिस तिथून रेल्वेनं अर्ध्याक तासावर हाये म्हणते. दोन दिवस ठेवले हायेत, आन् पोरीनं यादी धाडली: हे चर्च, ते चर्च, हा राजवाडा, ते म्युझियम. मले गुडघ्याचा त्रास, पायऱ्या पाहूनच जीव घाबरते. यायले चित्रं-पुतळे पाहाची हौस नाई. म्हणतात, पाणी पाहू, बाजार पाहू, लोकं कसे रायतात ते पाहू.

तर सांगा, पायऱ्या किती लागतात? गोंडोलाचे, म्हणजे तिथल्या लांबट वल्हवाच्या नावेचे, 90 युरो म्हणते पोरगी, म्हणजे नऊ हजाराच्या आसपास. बसाव का? आन् आम्ही माळकरी, मास-मच्छी चालत नाई. जेवाले काय भेटन?

खारपाणातला

ताई, मी दर्यापूरकडचा. काही वर्षं मेस्त्रेत एका हॉटेलच्या किचनमधी होतो. मेस्त्रे म्हणजे पुलाच्या अलीकडचं, जमिनीवरचं गाव. व्हेनिसात काम करणारे लय जण तिथंच रायतात. सुट्टीच्या दिवशी पल्याड जाऊन नुसता हिंडाचो.

गुडघ्याचं पहिले. गावात चारशेच्या वर पूल हायेत आन् बहुतेकाले पायऱ्या. मोटार, रिक्षा, सायकल, काहीच चालत नाई. पण पायऱ्या चुकवता येतात. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच पाणी. तिथून 1 नंबरची वापोरेत्तो धरजा. आपल्या लालपरीसारखी थांब्या-थांब्याले थांबत जाणारी बोट हाये ते. मोठ्या कालव्यानं रिआल्तोच्या पुलाखालून थेट सान मार्कोले नेते, पाऊण तास लागते. दोन्ही काठाचे वाडे बसल्या जागी पाहून होतात. 75 मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो, 24 तासांचं 25. दिवसाचंच घेजा. चढाच्या आधी तिकीट मशीनले लावाव लागते, नाईतर दंड.

गोंडोलाचे 90 युरो माणशी नाई, अख्ख्या नावेचे हायेत. अर्धा तास, पाच जणांपर्यंत. संध्याकाळी 7 नंतर 110. माह्या मतानं नका बसू. सांता सोफियाच्या घाटावरून बाजाराकडं पल्याड नेणारी मोठी गोंडोला असते, दोघं जण वल्हवतात, माणशी 2 युरो. त्याले त्रागेत्तो म्हणतात. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायाबी त्यातूनच जातात. उतरलं की रिआल्तोचा भाजीबाजार. सकाळी जाजा आन् रविवार सोडून जाजा.

आता माह्या आवडीचं. आमच्या खारपाणपट्ट्यात विहीर खणली तर पाणी लागते, पण तोंडात धरवत नाई. म्हणून चारीबाजूनं समुद्राचं पाणी असलेल्या या गावातले लोक शेकडो वर्षं पेत काय होते, हा प्रश्न मले पहिल्या सुट्टीपासून. उत्तर चौकात उभं हाये. चौकाले तिथं काम्पो म्हणतात. मधोमध कोरीव दगडाचं, कमरेएवढं विहिरीचं तोंड, वरून लोखंडी झाकण. लोकं त्यावर पिशव्या ठेवून फोटो काढतात आन् चालले जातात.

ताई, त्या विहिरीले खाली झराच नाई! चौकात मोठा खड्डा खणाचा, तळाले आन् बाजूनं चिकणमातीचा जाड लेप द्याचा, म्हणजे खारं पाणी आत येत नाई. त्यात नदीची वाळू भराची, मधात वरपर्यंत विटांची नळी. चौकाची फरशी जराशी उतरती, तिच्यात दगडी जाळ्या. पावसाचं पाणी जाळीतून वाळूत जाते, गाळून गाळून विटांमधून नळीत येते. म्हणजे आपण उभे असतो तो सारा चौकच पाण्याचं टाकं. सार्वजनिक विहिरीले कुलूप असाचं, ठरल्या वेळेलेच उघडाची. पाऊस कमी पडला की ब्रेन्ता नदीचं गोडं पाणी नावेतून आणाचे. भरतीचं पाणी चौकात चढलं तर टाकं नासते, म्हणून काही ठिकाणी विहिरीभोवतीची जागाच उंच करून ठेवली. सान त्रोवासोच्या चौकात ते नीट दिसते, आन् कालव्याच्या पल्याडच्या काठावरून गोंडोला बनवाचा, दुरुस्तीचा कारखानाबी दिसते. नळाचं पाणी आलं 1884 मधी, तोवर असंच चालू होतं. आमच्याकडं पाणी अडवाच्या योजनेचा बोर्ड पहिले येते, पाणी मंग.

सान पोलोचा चौक लय मोठा, विहीरबी तशीच, आन् बसाले बाक हायेत. राजवाड्याच्या अंगणात काश्याच्या दोन विहिरी हायेत, 16व्या शतकातल्या. पोरीच्या यादीतला राजवाडा तेवढा ठेवजा.

स्नेहल_अकोट

काकू, मी इटलीतच असते. जेवणाचं नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही, "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे" म्हणा, म्हणजे मांस नको, मासे नको. रिसोत्तो भाताचा दिसतो, पण बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवतात, तेव्हा विचारल्याशिवाय खाऊ नका. पार्मेझान चीज वासराच्या जठरातलं रेनेट (दुधाचं विरजण) घालून करतात, माळकऱ्यांनी तेही टाळावं. मरिनारा पिझ्झा घ्या: टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल, चीज नाहीच. पोलेन्ता म्हणजे मक्याच्या पिठाचा घाटा, तुम्हा दोघांना नक्की आवडेल, सोबत काय वाढतात ते मात्र विचारून घ्या. बाटली जवळ ठेवा, रस्त्यावरच्या नळाचं पाणी फुकट आणि चांगलं असतं.

एप्रिलमध्ये काही ठरावीक तारखांना फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घेतात. 5 युरो, उशिरा नोंदवलं तर 10. हे 2024 पासून सुरू झालं. मेस्त्रेत रात्र काढली तर पैसे लागत नाहीत, कारण तेही व्हेनिस पालिकेतच येतं, पण ऑनलाइन नोंद करावी लागते. ते लेकीवर सोपवा.

सान मार्कोच्या चौकात पायऱ्यांवर बसून डबा उघडू नका, दंड होतो. कबुतरांना दाणे टाकायलाही बंदी आहे. माझ्या सासूबाईंना ते अजिबात पटलं नव्हतं!

वर्धेकर_७१

खारपाणभाऊंचं विहिरीपुराण झकास, पण गोंडोला नका म्हणणं काही पटलं नाही. तिघांत 90 युरो, जन्मात एकदा. छोट्या कालव्यांत मोठी बोट शिरतच नाही, आणि वल्ह्याचा आवाज इंजिनाच्या बोटीवर कुठून ऐकू येणार? सान मार्कोचं चर्चही सोडू नये. आत वर पाहा, छतभर सोनेरी काचतुकड्यांचं काम आहे. साडी चालते, खांदे-गुडघे झाकलेले हवेत एवढंच. समोरच्या घंटाघराला लिफ्ट आहे, गुडघ्याला काही होणार नाही. 1902 साली ते आख्खं कोसळलं होतं, 1912 मध्ये होतं तसंच पुन्हा उभं केलं.

खारपाणातला

वर्धेकर, पैसे तुम्ही देत असान तर ताईसोबत मीबी बसतो.

दारव्ह्याची_काकू

बाप्पा, सारंच लिहून ठेवलं. गोंडोलाचं पोरगी ठरवन. यायनं विहिरीचं दोनदा वाचून घेतलं, आता विचारून रायले की त्या गावाले भाजी कोठून येते? वावर हाये का कोठी?

खारपाणातला

हाये ना! सांत एरास्मो म्हणून बेट हाये, भाजीपाल्याचं. फोंदामेन्ते नोव्हेच्या थांब्यावरून 13 नंबरची बोट. सपाट बेट, पायऱ्यांचा त्रास नाई. जांभळ्या आर्टिचोकसाठी त्याचं नाव हाये, म्हणजे फुलाची कळीच खातात अशी भाजी. झाडाची पहिली, शेंड्याची कळी खुडून घेतात, म्हणजे बाजूनं जास्त फुटते. तुरीचे शेंडे खुडणाऱ्या माणसाले हे समजावून सांगाव लागत नाई. ते कोवळी कळी एप्रिलच्या शेवटी निघते, कच्चीच पातळ चिरून तेल-मिठासोबत खातात. तारीख जमत असन तर महिन्याच्या शेवटाकडं ठेवजा. तिकडं बोटी कमी हायेत, उतरल्या-उतरल्या परतीची वेळ पाहून घेजा.