प्रतिसाद: श्चेन्सनीला नुसतं नशीबवान म्हणू नका

निवृत्त झाल्यावर बार्सिलोना फुटबॉल क्लबने बोलावलं म्हणून पोलंडचा गोलकीपर श्चेन्सनी याला इथे 'नशीबवान' म्हटलंय, ते पटलं नाही. बार्सिलोनाचा गोली टेर श्टेगनचा गुडघा दुखावला नसता तर ऑक्टोबर २०२४मध्ये ते बोलावणं आलं नसतं, मान्य. पण बोलावलं कोणाला? वॉर्साहून पोरवयात इंग्लंडच्या आर्सेनल क्लबला आलेला, २०१३-१४च्या प्रीमियर लीगमध्ये चेल्सीचा गोली पीटर चेकच्या बरोबरीने १६ क्लीन शीट (एकही गोल न खाल्लेले सामने) राखणारा गोली. इटलीच्या रोमा क्लबात असताना तर लीगमध्ये ब्राझीलच्या आलिसनसारखा गोली याच्यामुळे बाकावर होता! मग इटलीच्याच युव्हेंटसमध्ये आधी दिग्गज गोली बुफॉनच्या मागे थांबला, मग ती जागा त्याचीच झाली.

२०२२चा विश्वचषक आठवा. सौदीची पेनल्टी अडवली आणि जमिनीवरून उठता उठता रिबाउंडही (परत आलेल्या चेंडूवरचा फटकाही) बारवरून घालवला. पुढच्याच सामन्यात अर्जेंटिनाच्या मेस्सीची पेनल्टी, डावीकडे झेप, एका हाताने बाहेर. पोलंड तो सामना हरलं, तरी गोलफरकावर बाद फेरीत गेलं.

आणि मार्च २०२५मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये पोर्तुगालच्या बेनफिका क्लबच्या मैदानावर? बार्सिलोनाचा बचावपटू कुबार्सीला बाविसाव्या मिनिटालाच लाल कार्ड, उरलेला सगळा वेळ दहा जण, तरी बार्सिलोना १-० जिंकलं ते याच्या हातांवर. मी तो सामना श्वास रोखून पाहिलाय.