२८ फ्लॅट मागितले, एकही मिळाला नाही: ‘ए’ विंगच्या ग्रुपवरची चर्चा

साने काका, खजिनदार (ए-१०२): ग्रुपवर आयटीवाले बरेच आहेत म्हणून विचारतो. मेंटेनन्सची बिलं काढायला स्वतःचा प्रोग्रॅम लिहावा म्हणून जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतलीय. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून जाडजूड पुस्तक आणलं, निम्म्यावर आलोय. ‘फ्लॅट’ नावाचा क्लास लिहिला, त्याची अ‍ॅरे केली:
फ्लॅट[] विंग = न्यू फ्लॅट[२८];
कंपाइल झालं. पण विंग[०].बिलकाढा() म्हटलं की नल पॉइंटर एक्सेप्शन. न्यू म्हटलंय, २८ सांगितलेत, मग हा नल आला कुठून?

रोहन (ए-६०३): काका यूट्यूबवर बघा ना, दहा मिनिटांत कळेल. पुस्तक कोण वाचतं आता

साने काका: बघितलं रे. त्याने टाइप केलेलं चालतं, मी टाइप केलेलं चालत नाही.

अनुजा (ए-४०१): काका, त्या ओळीने फ्लॅट तयारच होत नाहीत. २८ कप्प्यांची नुसती रांग तयार होते आणि प्रत्येक कप्प्यात नल, म्हणजे ‘इथे काहीच नाही’, असतो. बिल्डरने खाली २८ लेटरबॉक्स ठोकले आणि वर एकही मजला चढवला नाही, तसं. लूप लावून प्रत्येक कप्प्यासाठी विंग[आय] = न्यू फ्लॅट() असं वेगळं म्हणावं लागतं. न्यूच्या पुढे चौकोनी कंस आला की रांग, गोल कंस आला की खरा फ्लॅट.

देसाई काकू (ए-५०२): बिल्डरचं नाव नको गं काढू सकाळी सकाळी. पझेशनचे दिवस आठवतात.

साने काका: पण इंटची, म्हणजे पूर्णांकांची, अ‍ॅरे केली होती मागच्या प्रकरणात, ती लगेच चालली होती.

अनुजा: तिथेच तर सगळे फसतात. इंटच्या कप्प्यात आपोआप शून्य भरलेला असतो, त्यावर बेरीज-वजाबाकी होते. ऑब्जेक्टच्या, म्हणजे क्लासवरून तयार होणाऱ्या फ्लॅटसारख्या वस्तूच्या, कप्प्यात नल भरलेला असतो, त्याला काही करायला सांगितलं की प्रोग्रॅम कोसळतो. पुस्तकांमध्ये या दोन गोष्टींमध्ये बऱ्याचदा शंभर पानांचं अंतर असतं.

रोहन: आणि काका लूप ० ते २७. १ ते २८ केलंत तर शेवटी अ‍ॅरे इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स

साने काका: ते आधीच खाऊन झालंय. बँकेत आयुष्य गेलं, आम्ही शून्य नंबरचं खातं कधी उघडलं नाही.

शिंदे, सेक्रेटरी (ए-३०४): मध्येच लिहितोय, माफ करा. टाकी धुण्याचं काम उद्या ११ ते २. पाणी भरून ठेवा.

अनुजा: काका, जावा कुठली टाकलीय? एररमध्ये फक्त ओळीचा नंबर येतोय का?

साने काका: हो, नुसता नंबर. रोहननेच टाकून दिली होती, आवृत्ती ८.

रोहन: कॉलेजच्या लॅबला तीच आहे ताई

अनुजा: ८ आली २०१४ ला. अजून चालते, पण शिकणाऱ्याने २१ घ्यावी, २०२३ ची. ओपनजेडीके घ्या, जावाचीच खुली आवृत्ती, फुकट आहे. नव्या जावात नल पॉइंटरच्या एररमध्ये नेमकं काय नल होतं तेही लिहून येतं. शिकताना ती एक ओळ शिकवणीच्या फीएवढी मोलाची.

देसाई काकू: मला एक सांगा, साने भावजींनी खरंच मराठीत लिहिलंय का हे? फ्लॅट, विंग, बिलकाढा?

साने काका: क्लासची आणि व्हेरिएबलची नावं मराठीत. क्लास, न्यू, स्टॅटिक हे शब्द आणि आकडे मात्र इंग्रजीतच लागतात.

रोहन: असं चालतं?? सरांनी कधीच सांगितलं नाही

अनुजा: चालतं, जावा पहिल्यापासून युनिकोडवरच, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरसंचावर, उभी आहे. फक्त विंडोजवर जुन्या कंपायलरला फाइल यूटीएफ-८ आहे हे सांगावं लागायचं. २०२२ च्या जावा १८ पासून ते गृहीतच धरलंय. म्हणूनही २१ घ्या.

साने काका: टाकतो. आता दुसरं. मेनमधून थकबाकी छापायला गेलो तर म्हणे नॉन-स्टॅटिक व्हेरिएबल स्टॅटिक कॉन्टेक्स्टमधून वापरता येणार नाही. म्हणून थकबाकीच्या आधी स्टॅटिक लिहिलं, एरर गेली. पण आता २८ च्या २८ फ्लॅटांची थकबाकी एकसारखी दिसतेय.

शिंदे: किती दिसतेय?

साने काका: ए-७०४ ची.

शिंदे: मग प्रोग्रॅम लगेच बंद करा. कोणीतरी स्क्रीनशॉट काढेल.

अनुजा: 😄 काका, एरर गेली पण कंपायलरच्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. तो विचारत होता, ‘थकबाकी कोणाची?’ मेन हा स्टॅटिक असतो, एकही फ्लॅट तयार नसताना तो चालू होतो. त्याला नुसतं ‘थकबाकी’ म्हणून कळणार कसं? विंग[५].थकबाकी म्हणा, झालं. स्टॅटिक लावलंत की २८ फ्लॅटांत मिळून एकच आकडा उरतो. शेवटी लिहिला तो ७०४ चा, म्हणून सगळे ७०४.

साने काका: मग स्टॅटिक लावायचं तरी कशाला?

अनुजा: सोसायटीचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर. सर्व्हिस चार्जेसचा दरही, कारण बायलॉजप्रमाणे तो सगळ्या फ्लॅटना सारखाच वाटला जातो. पाण्याचे पैसे मात्र नळजोडांवर, म्हणजे नळांची संख्या त्या त्या फ्लॅटची स्वतःची. बायलॉज घेऊन बसा, कुठला आकडा सोसायटीचा आणि कुठला फ्लॅटचा ते तिथेच सापडेल. पुस्तकातला ‘स्टुडंट’ क्लास, रोल नंबर आणि तीन विषयांचे मार्क, त्यात हा प्रश्न कधी पडतच नाही. मला विचाराल तर त्या उदाहरणाने पिढ्याच्या पिढ्यांना क्लास म्हणजे फॉर्म वाटायला लागला.

रोहन: ताई आमच्या प्रॅक्टिकलला तोच आहे, स्टुडंट. आणि इनहेरिटन्सला अ‍ॅनिमल, डॉग

अनुजा: सगळीकडे तेच. क्लास आणि ऑब्जेक्ट मुळात नॉर्वेतून आले, दाल आणि न्यूगोर या दोघांच्या सिम्युला ६७ मधून. ती भाषा होती खऱ्या व्यवहारांची नक्कल कॉम्प्युटरवर चालवून बघायला. अशा कामात प्रत्येक वस्तूला स्वतःची अवस्था ठेवावीच लागते. मेंटेनन्सचं बिल त्या कल्पनेला डॉगपेक्षा कितीतरी जवळचं आहे.

साने काका: थकबाकी प्रायव्हेट करा असंही पुस्तक म्हणतं. पण आपण तर थकबाकीदारांची यादी बोर्डावर लावतो.

अनुजा: ते लपवण्यासाठी नाही काका. यादी हवी तिथे दाखवा. बाहेरच्या कोडने थेट आकडा बदलू नये एवढंच. रक्कम भरायची तर पैसेभरा() मधूनच, आणि तिथे उणे रक्कम आली की नाकारायची.

साने काका: म्हणजे व्हाउचरशिवाय लेजरला हात नाही. हे असं आधी का नाही सांगत पुस्तकवाले!

प्रभू (ए-७०२): काका, माझा फ्लॅट भाड्याने दिलाय. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस येतात का बरोबर?

साने काका: शून्य येतायत. सर्व्हिस चार्जेस २४०० धरून १० टक्के, २४० यायला हवेत. लिहिलंय २४०० * (१०/१००).

प्रभू: कोड उत्तम आहे, बदलू नका.

रोहन: काका, इंटला इंटने भागलं की अपूर्णांक कापला जातो. १०/१०० म्हणजे ०. आधी गुणा, मग भागा

साने काका: की इंटऐवजी सरळ डबल, म्हणजे दशांश आकड्यांचा प्रकार, वापरू?

अनुजा: पैशांसाठी डबल नको! ०.१ + ०.२ करून छापून बघा.

साने काका: ०.३०००००००००००००००४. हे काय? ऑडिटर दारात उभं करणार नाही.

अनुजा: डबल बायनरीत मोजतो, त्यात ०.१ नेमका बसतच नाही. सगळं रुपयांऐवजी पैशांत, लाँगमध्ये (मोठ्या पूर्णांकात) ठेवा. नाहीतर बिगडेसिमल वापरा, त्यात दशांश नेमके राहतात. ते प्रकरण मागे कुठेतरी असेल, आधीच वाचून टाका.

साने काका: मागे अ‍ॅप्लेट आहे, पन्नासेक पानं.

अनुजा: वेबपेजमध्ये चालणारे छोटे जावा प्रोग्रॅम ते, त्याची घडी मोडू नका. ब्राउझरनी अ‍ॅप्लेट कधीच सोडलं. २०१७ च्या ९ मध्ये जावानेही ते कालबाह्य ठरवलं. क्लास, कन्स्ट्रक्टर, इनहेरिटन्सची प्रकरणं जुन्या आवृत्तीतली असली तरी बिनधास्त वाचा, ती जशीच्या तशी लागू आहेत. फक्त लॅम्डा, म्हणजे बिननावाची छोटी फंक्शन्स, त्यात नसेल, त्याची तुम्हाला इतक्यात गरज नाही.

साने काका: तळमजल्याच्या दुकानांचे दर वेगळे. दुकान एक्स्टेंड्स फ्लॅट, म्हणजे दुकान हा फ्लॅटचाच एक प्रकार, असं करू का?

अनुजा: दुकान हा फ्लॅट नाही ना. दोघांच्या वर एक ‘युनिट’ क्लास करा, अ‍ॅबस्ट्रॅक्ट. म्हणजे नुसतं ‘युनिट’ तयार होणार नाही, बिलकाढा() दोघं आपापलं लिहितील.

देसाई काकू: आमचा नववीला आहे, आयसीएसईला, त्यालाही जावाच. संध्याकाळी पाठवू का तुमच्याकडे भावजी?

साने काका: पाठवा. त्याचं पुस्तकही घेऊन येऊ दे, माझ्यात सोडवलेली उदाहरणं कमी आहेत.

शिंदे: काका, या महिन्याची बिलं एक्सेलमधूनच येणार ना?

साने काका: एक्सेलमधूनच. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हाही लेजर लगेच बंद केलं नव्हतं. दोन्हीकडचे आकडे तीन महिने पैशापैशाने जुळू देत, मग कमिटीपुढे ठेवतो.

प्रभू: नॉन-ऑक्युपन्सीही?

साने काका: तुमचे २४० सगळ्यात आधी.