विषय: डिसेंबरच्या सुट्टीत खानदेश

नमस्कार मंडळी,
नाताळच्या सुट्टीत सहकुटुंब भारतात जातोय. अजिंठा बघायचा म्हणून जळगावला उतरणार आहोत. लेणी झाल्यावर चार दिवस हातात उरतात. मुलं इथेच वाढली, गावातलं राहणं त्यांनी पाहिलेलं नाही आणि आमचं तिकडे कोणी नाही. खानदेशातल्या कोणी काही सुचवाल का?

---

दादा, नमस्कार.
माझं माहेर यावल तालुक्यातलं, म्हणून लगेच लिहायला बसले. अजिंठा जरूर बघा (सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं सांभाळा). पण उरलेल्या चार दिवसांत आणखी चार ठिकाणं कोंबू नका. एकाच गावात राहा. माझ्या भावाकडे मळ्यात जागा आहे, वहिनीशी मी बोलते.

तुम्ही नेमके भरिताच्या दिवसांत जाताय! थंडी पडली की आमच्याकडे शेताशेतांत भरीत-पार्ट्या सुरू होतात. मोठं, हिरवट-पांढरं वांगं तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर भाजायचं. गॅसवर भाजलं तर तो वास येत नाही, इथे मी सगळं करून बघितलंय. मग साल काढून लाकडी मुसळीने ठेचायचं. त्यात तेलात परतलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे आणि भरपूर कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. मुलांना थेट पानावर बसवू नका. काड्या गोळा करू देत, वांगी सोलू देत, हात काळे होऊ देत. या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी.

केळीच्या बागेत सकाळी जा. कापणी चालू असेल तर घड घेऊन येणाऱ्यांना वाट द्या आणि फोटो विचारून काढा. विचारलं की माणसं बोलती होतात, तुम्ही कुठले, कोणाकडे उतरलात, सगळी चौकशी होते. एक दिवस गाडी सोडून एस.टी.ने आठवडी बाजाराला जा. आमच्या भागात लेवा बोली कानावर पडेल. एखादं वाक्य कळलं नाही तर पुन्हा विचारा, कोणाला राग येत नाही.

---

ताईंचं सगळं पटलं, पण आमचा नंदुरबार जिल्हा राहिला. सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला सुरू होते आणि तिथला घोडेबाजार नामांकित आहे. दूरदूरचे व्यापारी घोडे घेऊन येतात. मुलांना घोड्यांची चाल बघत उभं राहू द्या. दत्तजयंती बहुतेक डिसेंबरातच येते, तेव्हा तिकीट काढण्याआधी पंचांग बघा. आमच्याकडे अहिराणी बोली ऐकायला मिळेल.

आणि पुढे कधी श्रावणात जमलं तर आमच्या कानबाई देवीच्या उत्सवाला या. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. नोकरीसाठी सुरत-मुंबईला गेलेली माणसं त्यासाठी घरी येतात. एक मात्र लक्षात असू द्या, रोटांचा प्रसाद घरच्या भाऊबंदांतच खातात. पाहुण्याला तो मिळाला नाही तर वाईट वाटून घेऊ नये. विसर्जनाच्या मिरवणुकीत मात्र खुशाल नाचा.