मदत हवी आहे: भिंतीवरचं किंडल झोपेतून उठतं, पण वायफाय वेळेत जोडत नाही

सेकंडहँड किंडल 4 (ॲमेझॉनचं ई-बुक रीडर) आहे, बटणांचं; हवामान दाखवायला भिंतीवर लावलंय. जेलब्रेक झालंय (कंपनीचं कुलूप काढलंय, आपल्या स्क्रिप्ट चालवता येतात), एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आत शिरून आज्ञा देणं) चालतं. रास्पबेरी पाय (छोटा संगणक) दर तासाला हवामानाचं 600 बाय 800 पिक्सेलचं पीएनजी चित्र बनवतो, किंडल ते वायफायवरून ओढून दाखवतं.

स्क्रीनसेव्हर बंद ठेवला तर किंडल सतत जागं राहतं आणि तीन दिवसांत बॅटरी मान टाकते. भिंतीजवळ प्लग नाही. म्हणून आरटीसीचा (आतल्या घड्याळाचा) अलार्म लावून किंडल सस्पेंड करतो, म्हणजे झोपवतो. उठतं बरोबर, पण वायफाय जोडण्याआधीच स्क्रिप्ट पुढे पळते आणि जुनंच चित्र राहतं. स्क्रिप्टमध्ये 30 सेकंदांचा स्लीप (थांबा) टाकला, तरी कधी जमतं, कधी नाही. नुसता स्लीप वाढवला तर बॅटरी वाचवून उपयोग काय!

वायफाय खरंच जोडलं गेलंय, हे स्क्रिप्टमधून खात्रीने कसं ओळखायचं?